म्हशीपुढे इंग्रजी

मी इंग्रजीची बाई. मानसशास्त्रातलं मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. कारण निवृत्त झाल्यापासून कराडच्या आमच्या सोसायटीतल्या निम्म्या बायका मला मनाचा डॉक्टर समजतात. कुणाचा मुलगा मोबाइल सोडत नाही, कुणाची सून बोलत नाही, की आल्या माझ्या दारात. "तुम्ही सायकॉलॉजीच्या पोरांना शिकवत होता ना?" मी म्हणते, "शिकवत होते, पण इंग्रजी." त्या म्हणतात, "तेच की हो ते!" यावर काय बोलणार, कपाळ? मी चहा टाकते. चहाने त्यांना बरं वाटतं आणि माझी कीर्ती आणखी वाढते.

खरं म्हणजे हे काम माझ्या गळ्यात पडलं ते केवळ मी स्टाफरूममध्ये पंख्याखालची खुर्ची सोडत नसे म्हणून. मानसशास्त्राचे विभागप्रमुख एका दुपारी घाम पुसत आले आणि शेजारी बसले. त्यांची अडचण अशी, की एम.ए.ला येणारी मुलं कडेगाव, पलूस, पाटण इकडची. बी.ए.पर्यंत सगळं मराठीत शिकलेली, हुशार, कष्टाळू. उत्तरं मराठीत लिहायची मुभा होती. पण पुस्तकं इंग्रजी, चाचण्या इंग्रजी, आणि तोंडी परीक्षेला बाहेरून येणारे परीक्षक प्रश्न विचारणार तेही इंग्रजीत. परीक्षकांनी "टेल मी अबाउट युवर केस" म्हटलं, की वर्गात पोपटासारखं बोलणारं पोरगं तिथं मख्ख उभं राहायचं. सर म्हणाले, "मॅडम, आठवड्यातून दोन तास. एवढं तोंड उघडून द्या त्यांचं." मला वाटलं, दोन तास तर आहेत. सेवेची शेवटची सगळी वर्षं त्यात गेली.

बाहेरच्या माणसाला वाटतं, इंग्रजी ते इंग्रजी, त्यात मानसशास्त्राचं वेगळं काय? मलाही तसंच वाटत होतं. पहिल्याच तासाला कळलं, की या शास्त्रातले शब्द साधे कपडे घालून हिंडतात आणि आत भलतेच असतात. 'इनसाइट' म्हणजे मी आयुष्यभर कवितेच्या तासाला अंतर्दृष्टी सांगत आले. इथं त्याचा अर्थ एवढाच, की आपल्याला काहीतरी झालंय हे आजारी माणसाला स्वतःला कळतं की नाही. कळत असेल तर 'प्रेझेंट', नसेल तर 'ॲबसेंट'. केस सांगायची तीही ठरलेल्या क्रमाने. आधी वय, शिक्षण, माहिती कुणी दिली ते. मग झोप, भूक, बोलणं, मूड आणि शेवटी हे इनसाइट. माणसाचं नाव घ्यायचं नाही. मिस्टर एक्स, मिसेस वाय असं म्हणायचं.

नवीन शब्द मिळाला की पोरांच्या हातात कोयता आल्यासारखं व्हायचं. दिसेल त्याच्यावर चालवायचा. पलूसच्या एका मुलाने घरी जाऊन आजीला सांगितलं, की एकच भांडं पुन्हा पुन्हा घासतेस म्हणजे तू ऑब्सेसिव्ह आहेस. आजी म्हणाली, "आसंल बाबा. मग ऊठ, तू घास." तेव्हापासून त्या घरात भांडी तोच घासतो असं ऐकून आहे. मानसशास्त्राचा एवढा रोकडा फायदा मी दुसरीकडे पाहिला नाही.

सगळ्यात मोठी अडचण शब्दांची नव्हतीच. पुस्तकात पहिला प्रश्न असतो, "हाऊ आर यू फीलिंग?" मी वर्गाला म्हटलं, घरी हे कसं विचाराल? एकजण म्हणाला, "मॅडम, आमच्यात असं कोण इचारतच न्हाई." बरोबर होतं त्याचं. आमच्याकडे माणूस परगावाहून आला, आजारातून उठला, कोर्टात हरला, काहीही होवो, विचारतात काय? "जेवलास का?" जेवलो म्हटलं की बरं चाललंय. भूक नाही म्हटलं की समोरचा खाली बसतो. मी पोरांना म्हटलं, हाच तुमचा प्रश्न. इंग्रजीत घालून बघा. ती हसली. मला वाटतं मीही गंमतच करत होते.

तोंड उघडायला माझ्याकडे एकच उपाय होता, मोठ्याने बोलायचं. इंग्रजी मनात शिकता येत नाही. पण खोलीत बोलावं तर भावंडं फिदीफिदी हसतात, अंगणात बोलावं तर शेजारी म्हणतात पोरगं बिघडलं. म्हणून मी सांगायची, गोठ्यात जा आणि म्हशीपुढे बोला. म्हैस हसत नाही, चुका काढत नाही आणि मध्येच उठून जात नाही. विभागप्रमुखांना हे फारसं शास्त्रीय वाटलं नाही. पण त्या काळात कडेगाव तालुक्यातल्या कितीतरी म्हशींना नैराश्याची लक्षणं इंग्रजीत पाठ झाली असतील.

रोहिणी या म्हशीवाल्यांपैकीच. कडेगावजवळच्या एका गावातली, एसटीने रोज कराडला यायची. उसाची थोडी शेती, आईवडील आणि थोरला भाऊ विलास, एवढं घर. मुलगी अशी, की प्रश्न विचारून विचारून मला भंडावून सोडायची. केस कुणाची घेणार, असं मी वर्गात विचारलं, तेव्हा मात्र गप्प बसली. तास संपल्यावर मागे थांबली आणि म्हणाली, "मॅडम, मी माझ्या दादाची घेऊ का?"

विलास फौजेतून कायमचा घरी आला होता. बर्फातल्या कुठल्याशा चौकीवर होता, तिथं काहीतरी झालं, मग फौजेच्या दवाखान्यात काही दिवस, मग घर. आल्यापासून बोलत नव्हता. दिवसभर गोठ्यात बसायचा, वैरण टाकायचा, धार काढायचा. ताटात वाढलेलं चिवडून उठायचा. दवाखान्याने दिलेल्या गोळ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, बंद करून टाकल्या होत्या. का? तर रोहिणीचं लग्न बघत होते. घरात डोक्याच्या गोळ्या दिसल्या, तर सोयरीक कोण करणार?

"आबा म्हणत्यात, आधी तुझं लग्न, मग त्याचा दवाखाना," रोहिणी म्हणाली. "म्हणजे मॅडम, माझ्यापायी दादा तसाच बसलाय. मला स्थळ आलं की आनंद बी वाटत न्हाई आणि नाकारलं तर आनखी वरीस जातंय."

मी तिला पाणी दिलं.

गावात सांगितलं होतं, की विलास सुट्टीवर आलाय. आता ज्या गावात घरटी एक फौजी, तिथं सुट्टी किती मिळते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण वर्ष उलटलं तरी सगळ्या गावाने ती सुट्टी मंजूर केली होती. पारावर कुणी विचारत नव्हतं. आबांना वाटत होतं आपण झाकलंय, आणि गाव वरून आणखी एक पांघरूण घालत होतं.

रोहिणीला रस्ता सापडला तो प्रॅक्टिकलचा. आमच्याकडे शिक्षणाला फार मान. पोरीचं प्रॅक्टिकल म्हटलं, की माणसं कामं सोडून भिंतीला टेकून बसतात आणि कुठलीही चाचणी करून घेतात. आबांना तिने एवढंच सांगितलं, की एका पेशंटचं बोलायचंय परीक्षेत, त्याची तयारी करतेय. भावाला काही विचारायची सोय नव्हती, म्हणून ती नुसती बघत राहिली. काय खातो, कधी झोपतो, कुणाकडे बघतो. आणि रोज सकाळी गोठ्यात उभी राहून म्हशीपुढे मोठ्याने म्हणायला लागली, "मिस्टर एक्स इज अ थर्टी इयर ओल्ड मॅन..."

मी विचारलं, "अगं, विलास तिथंच असतो ना?"

"असतोय की. पण त्याला कुठं इंग्रजी येतंय? बारावीतनं भरतीला गेलाय त्यो."

आईला तर भारी कौतुक. शेजारणीला बोलावून ऐकवायची, "बघ गं, कशी फाडफाड बोलतीया!" आबा वैरणीचा भारा टाकता टाकता थांबून ऐकायचे आणि मान डोलवायचे. पोटच्या पोराच्या आजाराचं सगळं पुराण अंगणात रोज चाललं होतं, आणि घरदार खूश होऊन ऐकत होतं. इंग्रजीचा असा उपयोग मी कुठल्याच पुस्तकात वाचला नव्हता.

तोंडी परीक्षेच्या दिवशी मी मुद्दाम लवकर आले होते. पोरं कॉरिडॉरमध्ये भिंतीकडे तोंड करून पुटपुटत होती. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, विभागातच पेशंट भरती केलेत. रोहिणी आली ती एका उंच, दाढी वाढलेल्या माणसाबरोबर. एसटी आलीच नव्हती, आबा उसाच्या तोडीवर, आणि पोरगी फाट्यावर उभी राहून रडत होती. तेव्हा विलास मोटरसायकल घेऊन आला आणि म्हणाला, "बस मागं." कितीतरी महिन्यांनी तो गावाबाहेर पडला होता.

तो बाकावर बसला, मी पलीकडच्या टोकाला. रोहिणी आमच्याकडे पाठ करून भिंतीला केस सांगत होती. झोप झाली, भूक झाली, मूड झाला. शेवटी म्हणाली, "इनसाइट, ॲबसेंट. मिस्टर एक्स डज नॉट नो दॅट ही इज इल."

"ही नोज," विलास म्हणाला.

मला आधी वाटलं, दुसरंच कुणीतरी बोललं. रोहिणी वळली.

"मला ठावं हाय," तो फरशीकडे बघत म्हणाला. "पावसाळ्यापास्नं ऐकतोय मी. वायरलेस सेटवर बसायचो तिकडं फौजेत. दिवसभर इंग्रजीतच बोलाय लागतंय, रोहे. सगळं न्हाई कळत तुझं, पण निम्मं कळतंय."

"दादा, मग बोलला का न्हाईस रं?"

"तू माझ्यासंगं कुठं बोलत हुतीस? म्हशीसंगं बोलत हुतीस." मग थोडं थांबून म्हणाला, "बरंबी वाटायचं. कुणीतरी सांगतंय म्हणून. पण झोपंचं चुकीचं सांगतीस तू. झोप लागत न्हाई आसं न्हाई. मी झोपत न्हाई. चौकीवर आमी दोघं हुतो. मी झोपलो त्या दिशी, आणि उठलो तवा त्यो उठला न्हाई. थंडीनं गेला. तवापास्नं डोळा लागाय लागला की मीच उठून बसतोय."

एवढं बोलून तो दमला. रोहिणी त्याच्यापुढे खाली फरशीवर बसली आणि त्याचा हात धरून ओक्साबोक्शी रडायला लागली. शिपाई आतून येऊन तिचं नाव पुकारत होता. शेवटी मीच दरडावून म्हटलं, "ऊठ, तोंड धू आणि आत जा. आणि जसं आहे तसं सांग."

आत काय झालं ते तिने नंतर सांगितलं. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई कडक म्हणून प्रसिद्ध होत्या. रोहिणीने पाठ केलेलं सगळं म्हटलं, आणि इनसाइटपाशी येऊन थांबली. मग म्हणाली, "प्रेझेंट, मॅडम." पुरावा काय? "ही टोल्ड मी जस्ट नाऊ. इन द कॉरिडॉर." बाईंनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढला. आणि इतका वेळ ज्यांनी मराठीचा एक शब्द उच्चारला नव्हता, त्या म्हणाल्या, "सकाळपासून जेवलाय का तो?"

मार्क चांगले पडले. त्याहून कामाचं म्हणजे बाईंनी मिरजेच्या एका डॉक्टरांचं नाव सांगितलं. मी दोघांना कॅन्टीनमध्ये नेलं. विलासने चहा घेतला, वडापावचा एक घास खाल्ला आणि बाकीचा बशीत ठेवला. रोहिणी हळूच मला म्हणाली, "ॲपेटाइट पुअर." मी डोळे वटारले. त्याला समजतं हे ती एवढ्यात विसरली होती.

मग मिरजेच्या वाऱ्या सुरू झाल्या. विलासने एकच अट घातली, आबांना इतक्यात कळू द्यायचं नाही. तेव्हा आबांना काय सांगायचं? प्रॅक्टिकल! परीक्षा होऊन गेली, निकाल लागला, पेढे वाटले, तरी रोहिणीचं प्रॅक्टिकल चालूच. आणि मोटरसायकलवर सोडायला दादा. आबा पारावर अभिमानाने सांगायचे, "लय आवघड कोर्स हाय त्यो, संपतच न्हाई." गोळ्या मसाल्याच्या डब्यामागे राहायच्या. विलास थोडं थोडं बोलायला लागला. पण जेवण तेवढं जाईना. आई रोज त्याचं उष्टं ताट उचलायची आणि म्हशीच्या पाटीत टाकायची.

अशात पलूसकडचं एक स्थळ आलं. मुलगा पुण्यात कंपनीत, माणसं बरी. आबांनी मला फोन केला, "बाई, आईतवारी तुमी या. तुमी दोन शब्द इंग्रजीत बोलला तिच्यासंगं, तर पाव्हण्यावर छाप पडंल." जन्मभर इंग्रजी शिकवून शेवटी माझी नेमणूक शोभेची वस्तू म्हणून झाली. पण रोहिणीसाठी गेले. जरा चांगली साडीही नेसले.

सोप्यात सतरंज्या, खुर्च्या, पंखा. पाव्हण्यांत मुलगा, त्याचे आईवडील आणि मामा. मामा फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. ताठ बसलेले, मिशा पांढऱ्या. पोहे आले. रोहिणी समोर बसली. मी इंग्रजीत विचारलं, तिने इंग्रजीत सांगितलं, पाव्हण्यांनी माना डोलावल्या. आबांच्या चेहऱ्यावर दिवाळी होती. विलास दाराजवळ भिंतीला टेकून बसला होता, बशी पुढ्यात तशीच.

मामांनी त्याच्याकडे बघून विचारलं, "आणि थोरले काय करत्यात?"

"फौजेत हाय," आबा घाईने म्हणाले. "सुट्टीवर आलाय."

"व्हय? कवा जायचं परत?"

आबांनी पोह्यांचा आग्रह सुरू केला. रोहिणी खाली बघत होती.

"सुट्टी न्हाई मामा," विलास म्हणाला. "मी परत जाणार न्हाई. मला मिरजेला डोक्याच्या डॉक्टरची ट्रीटमेंट चालू हाय. रोहिणीच नेती मला. तिनं लपवलं आसं उद्या कुणी म्हणाय नको, म्हणून सांगितलं."

आबांचा हात पोह्यांच्या पातेल्यावर तसाच राहिला. मामा उठले, विलासच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मनापासून म्हणाले, "तब्येत जप, पोरा." त्यांचे डोळे भरले होते, हे मी स्वतः पाहिलं. मग आबांकडे वळून तितक्याच मनापासून म्हणाले, "बरं हाय पावनं. कळवतो."

आमच्या भागात 'कळवतो' म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. गाडी वळून दिसेनाशी झाली आणि आबांनी डोक्यावरची टोपी काढून सतरंजीवर आपटली.

"केलंस वाटुळं! बहिणीच्या लग्नाचं वाटुळं केलंस! आता कोण येतंय दारात? आँ?"

आई पदर तोंडाला लावून, पोह्यांचं पातेलं उचलून आत गेली. मी शोभेची वस्तू, मला उठावं की बसावं कळेना. रोहिणी रडत नव्हती. ती फक्त भावाकडे बघत होती. विलासने पुढ्यातली बशी उचलली. गार झालेल्या पोह्यांचा त्याने एक घास खाल्ला, मग दुसरा. आबा बोलतच होते आणि तो खातच होता, सावकाश, मान खाली घालून. बशी संपली. त्याने आत बघून हाक मारली, "आये, पोहं राह्यलं असत्याल तर दे की गं."

आई दारात आली. हातात पातेलं होतं, पण तिला पुढे यायचं सुचेना. आबा बोलायचे थांबले.

रोहिणी माझ्याकडे वळली. सवयीने तिच्या तोंडून तेच आलं, "मॅडम, ॲपेटाइट इम्प्रूव्ह्ड."

"काय म्हणाली?" आबांनी मला दरडावून विचारलं. "काय म्हणाली ती? मराठीत सांगा की!"

मी म्हटलं, "आबा, पोरगं जेवतंय म्हणाली."

आबा सतरंजीवर खाली बसले. त्यांनी स्वतःची बशी, जिला त्यांनी पाव्हण्यांच्या धांदलीत हातही लावला नव्हता, ती विलासपुढे सरकवली.

"मला काय दिसत न्हाई व्हय?" ते म्हणाले. "खा."